फाटकावरचा पूल की फाटकाशेजारचा? रेल्वेवरून रस्ता नेताना जागा कशी ठरते

‘फाटक बंद होणार, तिथे उड्डाणपूल होणार’ असं ऐकलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर फाटकाच्या बरोबर डोक्यावरून जाणारा पूल येतो. प्रत्यक्षात या एका वाक्यात दोन वेगळी कामं दडलेली असतात. एकात पूल जुन्या रस्त्याच्याच रेषेत, फाटकाच्या वरून जातो. दुसऱ्यात रस्ता फाटकाच्या बराच अलीकडे बाजूला वळतो, पन्नास मीटरपासून दोन-तीनशे मीटरपर्यंत दूर जाऊन रूळ ओलांडतो आणि पलीकडे पुन्हा जुन्या रस्त्याला मिळतो. दोन्हींना फाटकाला पर्यायी पूलच म्हणतात, पण जमीन, चढाव, बांधकामाच्या काळातली वाहतूक, पायी जाणाऱ्यांची सोय हे सगळं दोन्हींत निराळं असतं. निवड करताना सगळ्यांचं लक्ष रुळांकडे जातं आणि तिथेच चूक होते. रूळ ओलांडायला तीस-चाळीस मीटर पुरतात. खाली उतरायला मात्र दोन्ही बाजूंना तीनशे-तीनशे मीटर लागतात. म्हणून पूल कुठे टेकतो, हे आधी बघायचं.

उंचीचं गणित

समजा रुळाच्या माथ्यापासून गर्डरच्या, म्हणजे पुलाचा भार पेलणाऱ्या आडव्या तुळईच्या तळापर्यंत ६.५ मीटर मोकळी उंची ठेवायची आहे. विजेच्या तारा असलेल्या मार्गावर एवढी तरी लागतेच. एकावर एक दोन कंटेनर ठेवून गाड्या जाणार असतील तर आणखी वाढते. त्यावर ३६ मीटरच्या गाळ्यासाठी (गाळा म्हणजे दोन आधारांमधलं अंतर) गर्डर, स्लॅब आणि डांबराचा थर मिळून साधारण २.५ मीटर धरा. म्हणजे पुलावरचा रस्ता रुळापेक्षा ९ मीटर उंच. तीस मीटरला एक मीटर असा चढ ठेवला तर २७० मीटर झाले. वीसला एक केला तर १८० मीटरमध्ये भागतं, पण भरलेला ट्रक तिथे खालच्या गिअरवर येतो आणि सायकलवाला उतरून ढकलत जातो. चाळीसला एक केला तर ३६० मीटर.

हे २७० मीटर पुरे पडत नाहीत. पुलाचा माथा टोकदार ठेवता येत नाही, कारण पलीकडून येणारं किंवा पलीकडे थांबलेलं वाहन चालकाला वेळेत दिसायला हवं. ताशी ५० किलोमीटर वेगाला थांबण्यासाठी ६० मीटर दिसावे लागतात, त्याला माथ्याची गोलाई साधारण ५५ मीटर लांब लागते. ताशी ८० ला हेच अंतर १२० मीटर होतं आणि गोलाई जवळजवळ २२० मीटर. गोलाई जितकी लांब, तिच्या चौथ्या हिश्शाइतका चढ प्रत्येक बाजूला लांबतो. पायथ्याशीही गाडीला धक्का बसू नये म्हणून खोलगट गोलाई द्यावी लागते, त्याचे आणखी तीसेक मीटर. रुळांच्या मध्यापासून रस्ता सपाट होईपर्यंतचं अंतर असं करत करत ५० च्या वेगाला सव्वातीनशेच्या घरात जातं आणि ८० च्या वेगाला साडेतीनशेच्या पुढे. रूळ जमिनीपेक्षा मीटरभर उंच भरावावर असतील तर प्रत्येक बाजूला आणखी ३० मीटर.

आता नकाशावर फाटक मध्ये धरून दोन्ही बाजूंना सव्वातीनशे मीटर मोजा. त्या टप्प्यात काय काय येतं, यावर अर्धा निर्णय होऊन जातो.

जुन्या रेषेतला पूल

रस्ता सरळ राहतो आणि नवी जमीन कमी लागते, ही याची जमेची बाजू. गाव फाटकाच्या दोन्ही बाजूंना वसलेलं असेल तर माणसांना वळसाही पडत नाही. मात्र पुलाच्या दोन्ही अंगांना घरं-दुकानं तशीच राहणार असतात, त्यांना रस्ता लागतोच. दोन पदरी पूल ८.५ मीटर, दोन्ही बाजूंचे सेवा रस्ते ५.५ मीटरचे, शिवाय गटार आणि पदपथ: बेरीज २२-२३ मीटर होते. जुना रस्ता भिंतीपासून भिंतीपर्यंत पंधरा मीटर असेल तर हे बसत नाही. मग सेवा रस्ता तीन मीटरवर आणला जातो, आणि त्या गल्लीत आगीचा बंब वळत नाही, कचऱ्याची गाडी मागे घेता येत नाही. रुंदी पुरत नसेल तर या रेषेचा हट्ट सोडलेला बरा.

दुसरी अडचण चौकाची. फाटकापासून दोनशे मीटरवर रुळांना समांतर जाणारा रस्ता असणं अगदी नेहमीचं. सव्वातीनशे मीटरच्या चढावात तो चौक पुलाखाली जातो किंवा बंद पडतो. चौक वाचवायचा म्हणून चढ कडक केला, तर पूल बरोबर सिग्नलच्या तोंडाशी उतरतो. रांगेतल्या एका गाडीला सहा-सात मीटर धरले तर तीस गाड्यांची रांग दोनशे मीटर होते, आणि ती उतारावर उभी राहते. वरून वेगात येणाऱ्याला रांगेचं शेपूट माथा ओलांडेपर्यंत दिसत नाही. उलट दिशेने चढणाऱ्यांत एखादा जड ट्रक थांबला तर निघताना मागे सरकतो. पायथा आणि चौक यांच्यामध्ये गर्दीच्या वेळची रांग मावेल एवढा सपाट रस्ता हवा, ही अट ढिली करू नये.

आणि बांधकामाचे दिवस. पूल सुरू होईपर्यंत फाटक चालू ठेवावं लागतं, पण खांबांचे पायाचे खड्डे त्याच रस्त्यात असतात. रस्त्याखालची पाण्याची मोठी वाहिनी, मलवाहिनी, केबली आधी हलवाव्या लागतात आणि कामाचे पहिले कित्येक महिने यातच जातात. फाटक तात्पुरतं बाजूला सरकवणंही सोपं नाही: रुळांमधला रस्ता, अडसर, सिग्नलशी असलेली त्याची साखळी (फाटक लागल्याशिवाय गाडीला सिग्नल न मिळण्याची जोडणी), दूरध्वनी, सगळं नव्याने जोडावं लागतं.

शेजारून जाणारा पूल

इथे वाहतूक जुन्या फाटकातून सुरळीत चालू राहते आणि पुलाचं काम मोकळ्या जागेत होतं. क्रेन उभी करायला, गर्डर जोडायला जागा मिळते. रुळांवर गर्डर चढवताना रेल्वेची वाहतूक आणि तारांमधली वीज ठरावीक तासांसाठीच बंद मिळते. त्या वेळात काम आटोपायचं तर क्रेनला पाय रोवायला घट्ट, मोकळी जमीन असणं फार मोलाचं. रस्ता अडलेला नसल्याने कामही एका दमात पुढे सरकतं.

किंमत मोजावी लागते ती जमिनीत आणि वळणांत. सातशे मीटर लांब आणि वीस मीटर रुंद पट्टा म्हणजे १.४ हेक्टर, तोही बहुधा शेतांचे तिरपे तुकडे पाडत जाणारा. रस्ता बाजूला काढून परत आणायचा म्हणजे प्रत्येक बाजूला उलटसुलट दोन वळणं. ताशी ५० ला वळणाची त्रिज्या साधारण ९० मीटर तरी हवी. तेवढ्या त्रिज्येची दोन वळणं लागोपाठ घेतली तर ४० मीटर बाजूला सरकायला ११३ मीटर लांबी लागते, मधला सरळ तुकडा वेगळाच. सगळ्यात वाईट रचना म्हणजे माथा ओलांडल्या ओलांडल्या येणारं वळण. रात्री चालकाला समोर फक्त आकाश दिसतं आणि रस्ता डावीकडे गेलेला असतो. वळण चढ सुरू होण्याआधी संपवा. ते जमत नसेल तर ते माथ्याच्या बरंच अलीकडे सुरू व्हावं, म्हणजे चढतानाच रस्त्याचा कल कळतो.

पूलच वळणावर आला तर आणखी एक गोष्ट निसटते. वळणावर रस्त्याची बाहेरची बाजू उचलावी लागते. ती ७ टक्के उचलली तर साडेआठ मीटर रुंदीत दोन कडांमध्ये जवळपास ६० सेंटीमीटरचा फरक पडतो. आराखड्यातली मोकळी उंची पुलाच्या मध्यरेषेवर मोजलेली असेल, तर आतल्या कडेचा गर्डर ३० सेंटीमीटर खाली आलेला असतो. रूळही वळणावर असतील तर बाहेरचा रूळ उंच असतो. मोजायची ती सर्वात खालच्या गर्डरपासून सर्वात उंच रुळापर्यंत. पुलाचा माथा रुळांच्या वर न येता बाजूला पडला तरी हाच घोटाळा होतो: तीसला एक उतारावर ३६ मीटरच्या गाळ्याची दोन टोकं १.२ मीटर खालीवर असतात. शिवाय खडी भरून भरून रूळ वर्षानुवर्षं थोडे वर येत राहतात, त्याची मोकळीक आजच ठेवायला हवी.

बाजूची जमीन रिकामी का राहिली, हेही विचारा. पुष्कळदा ती सखल असते, पाणी धरते. नऊ मीटर भरावाचं वजन दर चौरस मीटरला सोळा-सतरा टन होतं. खाली मऊ चिकणमाती असेल तर भराव वर्षानुवर्षं बसत राहतो, पूल मात्र खोल पायावर असल्याने जागचा हलत नाही, आणि दोघांच्या सांध्यावर गचका तयार होतो. डांबर टाकून तो पुन्हा पुन्हा भरण्यापेक्षा उंच भागात भराव कमी करून पुलाचे गाळे वाढवणं चांगलं. पायासाठी जमिनीत भोक पाडून काढायचे मातीचे नमुने फक्त रुळांजवळ न घेता पायथ्यापर्यंत घ्या. भराव खचतो तो तिकडेच.

रूळ कुठे ओलांडायचे

रेषा बाजूला न्यायचीच असेल तर रुळांच्या बाजूनेही जागा निवडता येते, हा या पर्यायाचा खरा फायदा आहे. रूळ खोदाईतून, म्हणजे जमीन खणून केलेल्या खोलगट वाटेतून जात असतील ती जागा सोन्यासारखी. खोदाई ५ मीटर खोल असली तर दोन्ही बाजूंचा चढ प्रत्येकी दीडशे मीटरने कमी होतो. त्यासाठी पूल चारशे मीटर दूर न्यावा लागला तरी विचार करण्यासारखा आहे. उलट रूळ उंच भरावावर असतील तिथे वरून जाण्याचा आग्रह धरू नये. खालून रस्ता काढणं बहुधा स्वस्त पडतं, फक्त पाण्याचा निचरा आपोआप होईल एवढी पातळी हवी.

स्थानकाच्या यार्डापासून दूर राहा. तिथे रुळांची संख्या जास्त, गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे सांधे असतात, खांबाला जागा मिळत नाही आणि पुलामुळे सिग्नल झाकला जाऊ शकतो. पुढे तिसरी-चौथी मार्गिका येणार असेल तर तिची जागा सोडूनच खांब टाकायचे. तारांचे खांब साधारण ५० ते ७० मीटरवर असतात. त्यांच्या मधोमध पूल बसला तर खांब हलवण्याचं काम वाचतं.

ओलांडायचा कोन शक्यतो काटकोन. रुळांचा पट्टा २० मीटर असेल तर ६० अंशांत गाळा २३ मीटर होतो, ४५ मध्ये २८, आणि ३० अंशांत थेट ४०. गाळा वाढला की गर्डरची उंची वाढते, ती वाढली की रस्ता उंचावतो आणि चढ लांबतो. तिरप्या पुलाचा भारही सारखा वाटला जात नाही: विशाल कोनाच्या कोपऱ्यातल्या आधारावर जास्त येतो, लघुकोनाचा कोपरा उचलला जाऊ पाहतो. जुन्या रस्त्याने रूळ तिरपे कापले असतील तर जुन्या रेषेचा पूल तोच तिरपेपणा कायमचा घेऊन बसतो. शेजारच्या पुलाला तो सुधारता येतो.

दोन्ही पर्यायांत एक गोष्ट हमखास राहून जाते. फाटक बंद झालं की पायी जाणाऱ्याला नऊ मीटर चढून साडेसहाशे मीटर चालायचं असतं, तेही रूळ समोर दहा पावलांवर दिसत असताना. तो पुलावरून जाणार नाही, रुळांवरूनच जाईल. पूल शेजारी नेला तर ही ओढ आणखी वाढते. म्हणून जुन्या फाटकाच्या जागी पादचारी आणि सायकलींसाठी अडीच मीटर उंचीचा भुयारी मार्ग किंवा उताराची सोय असलेला पादचारी पूल त्याच आराखड्यात, त्याच निविदेत हवा, आणि फाटक कायमचं बंद होण्याच्या आदल्या दिवशी तो खुला झालेला हवा.