हँडहेल्ड जीपीएसवर वेपॉइंटचे प्रक्षेपण

ज्या जागेचे अक्षांश-रेखांश माहीत आहेत, तिथून ठरावीक दिशेला ठरावीक अंतरावर असलेल्या दुसऱ्या जागेचे अक्षांश-रेखांश तिथे न जाता काढणे आणि ती जागा यंत्रात नवा वेपॉइंट (नाव देऊन साठवलेला बिंदू) म्हणून साठवणे, याला वेपॉइंटचे प्रक्षेपण म्हणतात. यंत्राच्या मेनूत हे काम ‘प्रोजेक्ट वेपॉइंट’ या नावाने असते आणि बोलतानाही ‘पॉइंट प्रोजेक्ट केला’ असेच म्हणतात. नाल्यापलीकडची विहीर, तलावातले वठलेले झाड, मनोऱ्यावरून दिसणारा धूर, मोजणीसाठी चालायच्या रेषेपासून दूर उभा असलेला चितळांचा कळप अशा जागा नोंदवायला त्याचा उपयोग होतो. तिथे जाता येत नाही, किंवा जाणे योग्य नसते.

नागपूरच्या झिरो माइलच्या खांबाशेजारच्या दगडावर गावांची नावे आणि तिथवरची अंतरे कोरलेली आहेत. नुसत्या अंतराने मात्र जागा ठरत नाही, खांबाभोवती एक वर्तुळ तेवढे मिळते. त्याला दिशाकोनाची, म्हणजे बेअरिंगची जोड मिळाली की वर्तुळावरचा एकच बिंदू उरतो. बेअरिंग उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने ०° ते ३६०° मोजतात. पूर्व ९०°, दक्षिण १८०°, पश्चिम २७०°. नोंदवहीत ते नेहमी तीन अंकी लिहावे, ३७° असेल तर ०३७°. घाईत लिहिलेल्या ‘३७’ वरून पुढचा-मागचा अंक सुटला आहे की काय, हे संध्याकाळी कुणालाच सांगता येत नाही.

यंत्रावरील कृती. गार्मिन कंपनीच्या ईट्रेक्स किंवा जीपीएसमॅप मालिकेतल्या अलीकडच्या यंत्रांत वेपॉइंट मॅनेजर उघडून सुरुवातीचा वेपॉइंट निवडतात. त्याचे पान उघडले की मेनूचे बटण दाबून ‘प्रोजेक्ट वेपॉइंट’ घेतात. यंत्र आधी बेअरिंग विचारते, मग अंतराचे एकक आणि अंतर. ‘सेव्ह’ केले की नवा बिंदू अनुक्रमांकाच्या नावाने साठतो. हे नाव तिथल्या तिथे बदलून घ्यावे. ‘०४७’ आणि ‘०४८’ यांतला प्रत्यक्ष उभे राहून घेतलेला कोणता आणि प्रोजेक्ट केलेला कोणता, हे आठवडाभराने ओळखू येत नाही. प्रोजेक्ट केलेल्या बिंदूच्या नावात ‘पी’ अक्षर घालणे आणि शेऱ्यात मूळ बिंदू, अंतर व बेअरिंग लिहिणे ही सवय लावून घेण्यासारखी आहे. पुढे चूक सापडली तर या तीन आकड्यांवरून बिंदू पुन्हा काढता येतो. शेरा नसेल तर तो फेकून द्यावा लागतो. नव्या बिंदूसोबत उंचीचा आकडा दिसला तरी तो धरू नये, कारण प्रक्षेपण आडव्या पातळीत होते आणि तिथली उंची कुणी मोजलेली नसते.

इलेक्ट्रॉनिक होकायंत्र असलेल्या यंत्रांत ‘साइट एन गो’ नावाची सोय असते. होकायंत्राच्या पानावरून ती सुरू करून यंत्र डोळ्यासमोर धरतात, लक्ष्यावर नेम साधून दिशा लॉक करतात आणि ‘प्रोजेक्ट’ निवडून अंतर भरतात. यात बेअरिंग हाताने लिहायचे राहत नाही, त्यामुळे आकडे उलटसुलट होत नाहीत. पण सारा भरवसा होकायंत्राच्या कॅलिब्रेशनवर, म्हणजे ते नीट जुळवून घेण्यावर असतो. सेल बदलले, लांबचा प्रवास झाला किंवा तापमानात मोठा फरक पडला की कॅलिब्रेशन नव्याने करावे. उघड्यावर, जीपपासून दूर उभे राहून यंत्र सांगेल तसे ते फिरवायचे असते. एक-दोन मिनिटांचे काम आहे आणि नेमके तेच टाळले जाते.

कोणती उत्तर दिशा? प्रक्षेपणात सर्वांत जास्त घोटाळे इथे होतात. उत्तरा तीन आहेत. रेखावृत्ताच्या दिशेची खरी उत्तर, होकायंत्राच्या सुईची चुंबकीय उत्तर आणि नकाशावरच्या ग्रिडच्या उभ्या रेषांची ग्रिड उत्तर. सेटअपमधल्या ‘हेडिंग’ या भागात ‘नॉर्थ रेफरन्स’ म्हणून जी उत्तर निवडलेली असेल, तिच्यापासूनच यंत्र भरलेले बेअरिंग मोजते. आकडा कुठून आला हे त्याला कळत नाही. बेअरिंग होकायंत्रावरून घेतले असेल तर सेटिंग ‘मॅग्नेटिक’ हवी, ग्रिडच्या रेषेवर कोनमापक ठेवून काढले असेल तर ‘ग्रिड’, आणि संगणकावर अक्षांश-रेखांशांवरून काढले असेल तर बहुतेक वेळा ‘ट्रू’.

नागपुरात चुंबकीय दिक्पात, म्हणजे खरी आणि चुंबकीय उत्तर यांच्यातला कोन, एक अंशाच्याही आत आहे. त्यामुळे ‘ट्रू’ आणि ‘मॅग्नेटिक’ यांची अदलाबदल झाली तरी पाचशे मीटरवर काही मीटरचाच फरक पडतो आणि तो जीपीएसच्या नेहमीच्या चुकीत लपून जातो. ही सोय फसवी आहे. इथे शिकलेला माणूस सेटिंग न बघण्याची सवय घेऊन बाहेर जातो. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर सिॲटलला दिक्पात सुमारे १५° पूर्व आहे. तिथे हीच चूक पाचशे मीटरवर १३० मीटर बाजूला नेऊन ठेवते.

ग्रिड उत्तरेचे नागपुरातले गणित वेगळे आहे. यूटीएम या नकाशाच्या ग्रिडपद्धतीत पृथ्वीचे उभे पट्टे, म्हणजे झोन, पाडलेले असतात; शहर त्यांतल्या ४४व्या झोनमध्ये येते. त्याचे मध्य रेखावृत्त ८१° पूर्व, तर नागपूर ७९° च्या जरा पूर्वेला. त्यामुळे इथली ग्रिड उत्तर खऱ्या उत्तरेच्या पश्चिमेला सुमारे ०.७° झुकलेली असते, म्हणजे एक किलोमीटरवर १२ मीटर. अमरावतीकडे जाताना ७८° पूर्व रेखावृत्त ओलांडले की झोन ४३ सुरू होतो आणि ग्रिड उत्तर एकदम दोन अंशांहून थोडी अधिक, पश्चिमेकडून पूर्वेकडे उडी घेते. वर्धा आणि अमरावती या दोन्ही जिल्ह्यांत काम करणाऱ्यांनी ग्रिड बेअरिंग वापरूच नये, होकायंत्र आणि ‘मॅग्नेटिक’ हीच जोडी ठेवावी.

याच सेटअपमध्ये बेअरिंग अंशांत दाखवायचे की मिल या कोनाच्या दुसऱ्या एककात, हेही ठरते. पूर्ण वर्तुळाचे ६४०० मिल होतात. कुणी ही सेटिंग बदलून ठेवली असेल आणि १२७ अंश म्हणून १२७ भरले, तर यंत्र त्याचा अर्थ सुमारे ७° असा घेते आणि आग्नेयेचा बिंदू जवळजवळ उत्तरेला पडतो. एककाचेही तसेच. ६०० मीटरऐवजी ६०० फूट निवडले गेले तर बिंदू १८३ मीटरवरच थांबतो.

हाताने पडताळा. यंत्र आतून लंबगोलाकार पृथ्वीचे गणित करते. भूगणितातला हा जुना प्रश्न आहे आणि त्यासाठीची थॅडियस विन्सेंटी यांची १९७५ मधली सूत्रे आजही वापरात आहेत. काही किलोमीटरपर्यंत मात्र साधा कॅल्क्युलेटर पुरतो. नागपूरच्या अक्षांशावर अक्षांशाचे एक मिनिट सुमारे १८४५ मीटर आणि रेखांशाचे १७३१ मीटर भरते. अंतराला बेअरिंगच्या कोसाइनने गुणून १८४५ ने भागले की अक्षांशातला फरक मिळतो. साइनने गुणून १७३१ ने भागले की रेखांशातला.

समजा सुरुवात उत्तर २१° ०८.९००′, पूर्व ७९° ०४.८००′ इथे आहे, बेअरिंग १२७° आणि अंतर ६०० मीटर. दक्षिणेकडे ३६१ मीटर, पूर्वेकडे ४७९ मीटर. म्हणजे अक्षांशातून ०.१९६′ वजा आणि रेखांशात ०.२७७′ मिळवायचे. नवा बिंदू उत्तर २१° ०८.७०४′, पूर्व ७९° ०५.०७७′. यंत्राने काढलेला बिंदू याच्यापासून मिनिटाच्या दोन-तीन सहस्रांशांपेक्षा जास्त वेगळा आला तर वरच्या सेटिंगपैकी एखादी बिघडलेली आहे. नवे यंत्र हाती आले की हा पडताळा ‘नॉर्थ रेफरन्स’ ट्रू ठेवून एकदा करावा.

जुन्या टोपोशीटवरून (सर्वेक्षणाच्या नकाशावरून) सुरुवातीचा बिंदू घेणार असाल तर डेटमकडे, म्हणजे अक्षांश-रेखांश पृथ्वीच्या कोणत्या लंबगोलावर मोजले आहेत याकडे लक्ष हवे. नागपूर शहर असलेले ५५ ओ/४ हे भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने शीट एव्हरेस्ट नावाच्या लंबगोलावर आधारलेले आहे आणि जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या डेटमवर चालते. शीटवरचे अक्षांश-रेखांश तसेच भरले तर सुरुवातच शंभर मीटरहून अधिक सरकते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतरची ओपन सिरीज शीट्स डब्ल्यूजीएस ८४ वर असल्याने त्यांना ही अडचण नाही.

वापर. नागपूरच्या आसपास याचा सर्वांत नेमका उपयोग जंगलात होतो. पेंचसारख्या व्याघ्र प्रकल्पात तृणभक्षी प्राण्यांच्या मोजणीसाठी ट्रान्सेक्टच्या, म्हणजे मोजणीसाठी आखलेल्या सरळ रेषेवरून पहाटे चालतात. कळप दिसला की आहे तिथेच थांबायचे, उभ्या जागेचा वेपॉइंट घ्यायचा, रेंजफाइंडरने (दुरूनच अंतर मोजणाऱ्या उपकरणाने) कळपाच्या मध्यापर्यंतचे अंतर आणि होकायंत्राने बेअरिंग घ्यायचे. समजा ६८ मीटर आणि २१४°. प्रोजेक्ट केल्यावर कळपाची जागा उभ्या बिंदूच्या ५६ मीटर दक्षिणेला आणि ३८ मीटर पश्चिमेला येते. रेषा २५०° वर जात असेल तर दोहोंतला कोन ३६°, आणि कळपाचे रेषेपासूनचे लंब अंतर ४० मीटर. घनतेच्या गणितात हेच लंब अंतर वापरतात. कळप हलल्यानंतरची जागा घेतली तर नोंद निकामी होते, म्हणून आधी अंतर, मग बेअरिंग, आणि संख्या व नर-मादी शेवटी. यंत्रात प्रोजेक्ट करण्याचे काम कॅम्पवर परतून केले तरी चालते, मूळ वेपॉइंट आणि दोन आकडे तेवढे जागेवर लिहिलेले हवेत.

मोहफुलांच्या दिवसांत झाडाखालचा पाला जाळला जातो आणि आग पसरते. अशा वेळी मनोऱ्यावरच्या वनरक्षकाला धुराचे बेअरिंग मिळते, अंतर मिळत नाही. डोळ्यांनी काढलेला अंदाज निम्म्याने चुकू शकतो. अशा वेळी त्याच बेअरिंगवर दोन बिंदू टाकावेत, एक दोन किलोमीटरवर आणि एक आठ किलोमीटरवर. दोन्ही जोडणारी रेषा म्हणजे धुराची दिशा. दुसऱ्या मनोऱ्यावरूनही असेच केले की रेषा जिथे छेदतात तिथे आग. छेदाचा कोन ३०° पेक्षा लहान असेल तर जागा रेषेच्या लांबीत खूप पुढे-मागे होते, म्हणून मनोरे शक्यतो आडव्या बाजूचे घ्यावेत.

उलट बाजूनेही प्रक्षेपण करता येते. स्वतःची जागा अनोळखी आहे पण दूरचा मनोरा ओळखीचा आहे, तर मनोऱ्याचे बेअरिंग घेऊन त्यात १८०° मिळवायचे किंवा वजा करायचे आणि मनोऱ्याच्या वेपॉइंटवरून प्रोजेक्ट करायचे. २३२° चे ०५२° होते. हे उलटवणे विसरले तर बिंदू मनोऱ्याच्या पलीकडे, दुप्पट लांब जाऊन पडतो.

चूक किती धरावी? बेअरिंगमधला एक अंश किलोमीटरला साडेसतरा मीटर बाजूला नेतो. साध्या हातातल्या होकायंत्राने दोन अंशांची चूक सहज होते, लोलकातून बघून वाचायच्या प्रिझमॅटिक होकायंत्राने ती एक अंशाच्या आत राहते. उघड्या आभाळाखाली जीपीएस पाच मीटरच्या आसपास असते, सागाच्या दाट पानांखाली दहा-पंधरावर जाते. सुरुवातीच्या बिंदूची चूक नव्या बिंदूत जशीच्या तशी उतरते, म्हणून ‘ॲव्हरेज लोकेशन’ वापरून तो काही मिनिटे सरासरीने घ्यावा. ६०० मीटरवर साधे होकायंत्र असेल तर २० ते २५ मीटर त्रिज्येचे वर्तुळ शोधायची तयारी ठेवावी. जवळ पोचल्यावर यंत्रातला दिशादर्शक बाण गरगर फिरायला लागला की त्याच्या मागे पळू नये. थांबून सभोवार बघावे.

उतारावर रेंजफाइंडर तिरके अंतर देते, प्रक्षेपणाला आडवे लागते. रामटेकच्या गडाच्या चढावर २०° कोनात ३०० मीटर मोजले तर २८२ मीटर भरायचे. काही रेंजफाइंडर आडवे अंतर स्वतःच काढून दाखवतात, पडद्यावरचा आकडा कोणता आहे हे आधी पाहून ठेवावे. होकायंत्र काळ्या दगडावर टेकवून वाचू नये. सीताबर्डीची टेकडी, सेमिनरी हिल्स आणि पश्चिमेकडचा सारा भाग बेसाल्टचा आहे आणि त्यातले मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज सुई जागच्या जागी हलवू शकते. छातीच्या उंचीवर, मोबाइल, कोयता आणि बॅटरीच्या टॉर्चपासून दूर धरून दोनदा वाचावे. मे महिन्यात दुपारी जमिनीवरची हवा थरथरते आणि लांबच्या लक्ष्यावर नेम बसत नाही, म्हणून लांबची बेअरिंग सकाळी नऊच्या आत घ्यावीत.

शेताची हद्द किंवा बांध ठरवायला प्रोजेक्ट केलेला बिंदू वापरू नये. हद्दीची मोजणी भूमी अभिलेख खात्याकडून होते आणि तिथे काही सेंटिमीटरनेही वाद उभा राहतो. हातातल्या यंत्राची चूक त्याच्या कितीतरी पट असते.