पार्नेल, चार्ल्स स्ट्यूअर्ट

(२७ जून १८४६–६ ऑक्टोबर १८९१). आयर्लंडच्या होमरूल चळवळीचा नेता व ब्रिटिश संसदेतील आयरिश पक्षाचा अध्यक्ष (१८८०–९०). जन्म विक्लो परगण्यातील ॲव्हनडेल येथे, प्रॉटेस्टंट जमीनदार घराण्यात. पणजोबा सर जॉन पार्नेल आयरिश संसदेत अर्थमंत्री होते व ती संसद लंडनच्या संसदेत विलीन करण्यास त्यांचा विरोध होता. आई डेलिया ही अमेरिकन नौदलातील कमोडोर चार्ल्स स्ट्यूअर्ट यांची मुलगी. आडनावाचा घरगुती उच्चार पहिल्या अक्षरावर आघात देऊन, जवळजवळ ‘पार्नल’ असा होई. येथे मराठीत रुळलेले रूप ठेवले आहे. रस्त्यावरच्या एका मारामारीमुळे १८६९ मध्ये त्याला केंब्रिजच्या मॉडलिन महाविद्यालयातून काही काळापुरते काढण्यात आले. तो परत गेला नाही व पदवीही घेतली नाही. १८७४ मध्ये डब्लिन परगण्यातून तो निवडणुकीत पडला. एप्रिल १८७५ च्या पोटनिवडणुकीत मीथमधून निवडून आला.

अडवणुकीचे तंत्र : पार्नेल फर्डा वक्ता नव्हता, सुरुवातीला तर तो अडखळतच बोले. त्याचे बळ सभागृहाचे नियम वाचण्यात होते. वाट जोसेफ बिगर या बेलफास्टच्या डुकराच्या मांसाच्या व्यापाऱ्याने दाखवली होती. पार्नेलने आसन ग्रहण केले त्याच दिवशी हा बिगर, सरकारी अहवालांतील उतारे वाचत, सुमारे चार तास बोलला. तेव्हा कॉमन्समध्ये (संसदेच्या कनिष्ठ सभागृहात) भाषणाला कालमर्यादा नव्हती. विधेयक समिती-अवस्थेत (कलमवार चर्चेसाठी) गेले की एकाच प्रश्नावर एका सदस्याला कितीही वेळा उठता येई. शिवाय समितीने प्रगती कळवून थांबावे आणि अध्यक्षांनी आसन सोडावे, असे दोन तहकुबी ठराव आलटूनपालटून मांडता येत. प्रत्येक ठरावावर चर्चा, मग मतविभागणी. सदस्य दोन दालनांतून मोजले जात आणि त्यात पाव तास सहज जाई. विरोधाची सूचना दिलेले काम रात्री साडेबारानंतर घ्यायचे नाही असाही नियम होता, म्हणून बिगर दिसेल त्या विधेयकाला विरोधाची सूचना देऊन ठेवी.

नुसते वाचन चाले, पण फार काळ नाही. विषयांतर झाले की सभापती अडवत आणि इंग्रज सदस्य आरडाओरडा करत. पार्नेलने यात केलेली सुधारणा अशी, की दुरुस्त्या खऱ्या, मुद्द्याला धरून असाव्यात. तुरुंगविषयक विधेयक आणि लष्करातील फटक्यांची शिक्षा यांवरच्या त्याच्या दुरुस्त्यांना काही इंग्रज रॅडिकलांचीही (जहाल सुधारणावाद्यांचीही) मते मिळाली. त्या नियमबाह्य ठरवणे अवघड होते. जुलै १८७७ मध्ये एका प्रश्नावर एका सदस्याने असा तहकुबी ठराव एकदाच मांडावा असे बंधन आले. त्यामुळे माणसांची संख्या महत्त्वाची ठरली. लगेचच दक्षिण आफ्रिका विधेयकावर मूठभर आयरिश सदस्यांनी पाळीपाळीने बोलत सभागृह सुमारे २६ तास बसवून ठेवले. ३१ जानेवारी १८८१ रोजी सुरू झालेली बैठक ४१ तास चालली. २ फेब्रुवारीच्या सकाळी सभापती ब्रँड यांनी कोणत्याही नियमाचा आधार नसताना चर्चा तोडून प्रश्न मताला टाकला. दुसऱ्या दिवशी ३६ आयरिश सदस्य निलंबित झाले. चर्चा बंद करण्याचा रीतसर नियम १८८२ मध्ये आला आणि त्याचा फटका सर्वच पक्षांच्या साध्या सदस्यांना बसला.

जमीन आणि तुरुंग : २१ ऑक्टोबर १८७९ रोजी डब्लिनमध्ये लँड लीग ही कुळांची संघटना स्थापन झाली. कल्पना व संघटना मुख्यतः मायकेल डॅव्हिटची, अध्यक्षपद पार्नेलकडे. मागण्या तीन : वाजवी खंड, कुळाला स्थैर्य आणि कुळहक्क विकण्याची मुभा. बेदखल केलेल्या कुळाची जमीन घेणाऱ्याशी रस्त्यात, दुकानात, बाजारात, चर्चमध्येही संबंध ठेवू नये, असे पार्नेलने १९ सप्टेंबर १८८० रोजी एनिस येथे सांगितले. ‘बॉयकॉट’ हा शब्द त्या भाषणात नाही. तो नंतर मेयो परगण्यातील लॉर्ड अर्नच्या कारभाऱ्याच्या, कॅप्टन बॉयकॉटच्या, नावावरून पडला. त्याचे श्रेय फादर जॉन ओमॅली यांना दिले जाते. हे मत जेम्स रेडपाथ या अमेरिकन पत्रकाराच्या कथनावर उभे आहे, तरी ते ग्राह्य दिसते. वाळीत टाकण्याची रीत मात्र खेड्यांत आधीपासून होती.

१८८१ च्या जमीन कायद्याने न्यायालयामार्फत १५ वर्षांसाठी खंड ठरवण्याची सोय झाली. पण थकबाकीदार कुळे बाहेर राहिली. पार्नेलने कायदा धुडकावला नाही, निवडक दावे लावून तो पारखावा असे सुचवले. १३ ऑक्टोबर १८८१ रोजी त्याला किल्मेनहॅम तुरुंगात ठेवण्यात आले. थकबाकी माफीच्या बदल्यात शांततेला साहाय्य, अशा अलिखित समझोत्यावर २ मे १८८२ रोजी तो सुटला. चारच दिवसांनी डब्लिनच्या फीनिक्स पार्कमध्ये लॉर्ड कॅव्हेंडिश व टी. एच. बर्क या आयर्लंडमधील ब्रिटिश शासनाच्या दोन वरिष्ठांचे खून झाले. सुटकेच्या सुमारास त्याने फिनियन या गुप्त क्रांतिकारी संघटनेची शपथ घेतली, असे काही अभ्यासक मानतात. त्याचा आधार फार उशिरा सांगितलेल्या आठवणींचा आहे, त्यामुळे नकाराचा पक्ष अधिक सावध वाटतो.

पक्षयंत्रणा : १८८४ पासून पार्नेलच्या पक्षाच्या उमेदवाराला प्रतिज्ञा करावी लागे : पक्षाबरोबर बसेन, वागेन व मत देईन, ती मोडल्याचे बहुमताने ठरले तर राजीनामा देईन. उमेदवार परगण्याच्या अधिवेशनात निवडले जात व तेथे कॅथलिक धर्मगुरूंना पदसिद्ध जागा होती. १८८५ च्या निवडणुकीत लिबरल ३३५, काँझर्व्हेटिव्ह २४९ व पार्नेलचे ८६ आले. दोन मोठ्या पक्षांतले अंतरही नेमके ८६ होते. लिबरल पंतप्रधान ग्लॅडस्टनचे होमरूल विधेयक ८ जून १८८६ रोजी ३४३ विरुद्ध ३१३ मतांनी फेटाळले गेले. ९३ लिबरल विरोधात गेले. १८८७ मध्ये ‘द टाइम्स’ने छापलेली, पार्नेलची म्हणून दिलेली, फीनिक्स पार्कच्या खुनांना सहानुभूती दाखवणारी पत्रे बनावट ठरली. ती बनवणाऱ्या रिचर्ड पिगॉटने चौकशी आयोगापुढे ‘हेझिटन्सी’ हा शब्द बनावट पत्रातल्यासारखाच चुकीच्या स्पेलिंगने लिहिला आणि तो सापडला.

पाडाव : कॅप्टन ओशी याने पत्नी कॅथरिनविरुद्ध लावलेल्या घटस्फोटाच्या दाव्यात पार्नेल, तिचा प्रियकर म्हणून, सहप्रतिवादी होता, नोव्हेंबर १८९० मध्ये निकाल विरुद्ध गेला. २५ नोव्हेंबरला पक्षाने त्याला पुन्हा अध्यक्ष निवडले. पार्नेल राहिला तर आपले नेतृत्व निरर्थक ठरेल, हे ग्लॅडस्टनचे म्हणणे सदस्यांना तोवर नीट कळलेले नव्हते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात संसदेच्या समितीकक्ष क्र. १५ मध्ये वाद चालला. निर्णय डब्लिनवर ढकलण्याची दुरुस्ती ४४ विरुद्ध २९ ने पडली. अध्यक्षपदी पार्नेलच असल्याने विरोधी ठराव मताला येऊच शकला नाही. सभागृहात वापरलेले तंत्र त्याने आता स्वपक्षावर चालवले. ६ डिसेंबरला विरोधी गटाच्या मॅकार्थीच्या हातातला ठरावाचा कागद त्याने हिसकावला. ४५ जण उठून गेले, त्याच्यासह २८ उरले.

उत्तर किल्केनी, उत्तर स्लायगो व कार्लो या तिन्ही पोटनिवडणुका त्याचे उमेदवार हरले. धर्मगुरू उघड विरोधात होते. जून १८९१ मध्ये त्याने कॅथरिनशी लग्न केले व ऑक्टोबरमध्ये होव्ह येथे वयाच्या ४५ व्या वर्षी तो वारला. डब्लिनमधील ग्लासनेव्हिन येथील त्याच्या समाधीवरील ओबडधोबड ग्रॅनाइटच्या शिळेवर फक्त आडनाव आहे. पत्रे लिहिण्याचा त्याला कंटाळा होता. खाजगी आयुष्यासाठी कॅथरिनच्या १९१४ च्या आठवणी वापराव्या लागतात, पण तारखांच्या बाबतीत त्या जपून घ्याव्यात.

दादाभाई नवरोजींना आयरिश मतदारसंघातून संसदेत पाठवावे ही डॅव्हिटची १८८३ मधील सूचना पार्नेलने मान्य केली नाही. १८९४ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष झालेले आयरिश खासदार ॲल्फ्रेड वेब हे फुटीनंतर पार्नेलविरोधी गटात होते.