53 दाते कशासाठी?

ग्रीसमधल्या अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेल्या जहाजातून 1901 मध्ये कांस्याचा एक गंजलेला गोळा वर आला. जहाज इसवीसनापूर्वीच्या पहिल्या शतकात बुडालेले. तो गोळा म्हणजे सूर्य-चंद्राची गती आणि ग्रहणे दाखवणारे दातेरी चाकांचे यंत्र होते. आज त्या यंत्राचे 82 तुकडे अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहेत आणि त्यांत 30 दातेरी चाके ओळखता येतात. त्यांतल्या एका लहान चाकाला 53 दाते आहेत. वर्तुळाचे कर्कटकाने 6 किंवा 4 भाग करून ते निम्मे-निम्मे करत गेले की 48 किंवा 64 भाग पडतात. 53 ही मूळ संख्या आहे, तिला अशी सोय नाही. कोणताही कारागीर हौसेने 53 दाते पाडत बसणार नाही. त्याला ते पाडावेच लागले, आणि का, हे कळले की यंत्राचा सगळ्यात सुंदर भाग उलगडतो.

आधी सोपा भाग. बाजूचे हँडल फिरवले की सुमारे 13 सेंटिमीटर व्यासाचे मोठे चाक फिरते. त्याची एक फेरी म्हणजे एक वर्ष. चंद्र 19 वर्षांत ताऱ्यांमधून 254 फेऱ्या मारतो आणि तेवढ्यात 235 अमावास्या होतात. आपल्या पंचांगात 19 वर्षांत साधारण 7 अधिक मास येतात, तेही याच हिशेबाने: 19 × 12 + 7 = 235. म्हणजे वर्षाच्या एका फेरीत चंद्राच्या काट्याने 254/19 फेऱ्या मारायला हव्यात. 254 दात्यांचे चाक पेटीत मावणार नाही, म्हणून त्याच्या निम्मे, 127 दाते घेतले. 64 दात्यांचे चाक 38 च्या चाकाला फिरवते, त्याच आसावरचे 48 चे चाक 24 च्या चाकाला, आणि त्याच्या आसावरचे 127 चे चाक 32 च्या चाकाला. गुणाकार करून पाहा, नेमके 254/19 येतात.

पण चंद्र एकसारख्या वेगाने चालत नाही. कधी दिवसाला सुमारे 12 अंश, कधी 15. भारतीय ज्योतिषात ज्याला मंदफल म्हणतात ती दुरुस्ती इथे कांस्यात केलेली आहे. प्रत्येकी 50 दात्यांची दोन चाके एकावर एक बसवली आहेत, पण त्यांची केंद्रे 1.1 मिलिमीटरने सरकलेली. खालच्या चाकावर केंद्रापासून 9.6 मिलिमीटरवर एक खुंटी आहे, ती वरच्या चाकातल्या लांबट खाचेत अडकते. खुंटी वरच्या चाकाच्या केंद्राजवळ, म्हणजे 8.5 मिलिमीटरवर आली की ते चाक सरासरीपेक्षा सुमारे 13 टक्के वेगाने फिरते. 10.7 मिलिमीटरवर गेली की सुमारे 10 टक्के मंदावते. पूर्ण फेरीचा हिशेब बिघडत नाही, फक्त काटा मधल्या मध्ये साडेसहा अंशांपर्यंत पुढे-मागे होतो. एवढ्याशा सरकवण्यातून इतके अचूक काम काढणाऱ्या माणसापुढे हात जोडावेसे वाटतात.

एवढ्यावरही भागत नाही. चंद्र सर्वांत मंद असतो ती जागा, मंदोच्च, स्वतःच ताऱ्यांमधून सरकते आणि सुमारे पावणेनऊ वर्षांत फेरी पूर्ण करते. म्हणून खुंटी-खाचेची ही जोडी 223 दात्यांच्या एका चाकावर स्वार केली आहे आणि ते चाक मंदोच्चाच्या गतीने फिरते. ही गती आली कुठून? बाबिलोनी निरीक्षणांनुसार 223 चांद्रमासांत चंद्राचा वेग 239 वेळा चढतो-उतरतो. हे ग्रहणांचेही चक्र आहे. ते 19 वर्षांच्या चक्राशी जोडा. 19 × 223 = 4237 वर्षांत चंद्राच्या फेऱ्या होतात 254 × 223 = 56642, आणि वेगाची चढउतार 235 × 239 = 56165 वेळा. वेगाची एक चढउतार म्हणजे चंद्राने मंदोच्चापासून निघून पुन्हा मंदोच्च गाठणे. म्हणून फरक 477, तेवढ्या फेऱ्या मंदोच्चाच्या. आणि 477 म्हणजे 9 × 53.

तो 53 मूळ असल्यामुळे टाळता येत नाही, कुठल्या तरी चाकावर तो यावाच लागतो. चाकांची साखळी अशी: 64/38 × 53/96 × 27/223. उत्तर 477/4237, एक फेरी 8.88 वर्षांत.

पण याच साखळीतून मागच्या बाजूच्या दोन सर्पिलाकार तबकड्याही चालतात. एक 235 महिन्यांची, दुसरी 223 महिन्यांची, ग्रहणांसाठी. त्यांना 53 नको आहे. म्हणून त्या दोन्ही वाटांवर पुढे आणखी एकेक 53 दात्यांचे चाक घालून तो आकडा छेदून टाकला आहे. ग्रहणांच्या वाटेवरचे चाक तुकड्यांत सापडले. दुसरे हरवले आहे, पण त्याचे दाते 53 धरल्यावरच हिशेब जुळतो. 2005 मध्ये तुकडे न कापता एक्स-रे टोमोग्राफीने त्यांच्या आतल्या थरांच्या प्रतिमा घेतल्यानंतर, 2006 मध्ये ही मांडणी प्रसिद्ध झाली.

आता कार्यशाळेतली अडचण. मोठ्या चाकावर एका दात्याच्या वाट्याला दोन मिलिमीटरही येत नाहीत. दाते सरळ त्रिकोणी, कानशीने घासलेले. असे दाते एकमेकांवर घसरताना गती एकसारखी देत नाहीत. चाके घट्ट बसवली तर एखाद्या जाड दात्यापाशी यंत्र अडते, सैल ठेवली तर काटा डुगडुगतो. चंद्राच्या साखळीत गती वाढत जाते, त्यामुळे सुरुवातीच्या चाकाची 1 अंशाची ढिलाई काट्यावर 13 अंशांची होते. खुंटी-खाचेची कमाल दुरुस्ती साडेसहा अंश, म्हणजे सुरुवातीची अर्ध्या अंशाची ढिलाईसुद्धा तिला गिळून टाकते. प्रतिकृती करणाऱ्याने म्हणून हँडल नेहमी एकाच दिशेने फिरवावे. मागची तारीख हवी असेल तर आणखी एक फेरी मागे जाऊन पुन्हा पुढे यावे. हँडलच्या एका फेरीत सुमारे 78 दिवस सरतात, तेव्हा हात अगदी सावकाश चालवावा.