मालधक्क्यावरचं ‘एज’: डेमरेज ते ॲव्हरेज

भुसावळपासून रावेरपर्यंत मालधक्क्यांवर उभी हयात काढलेल्या हुंडेकऱ्याला ‘डेमरेज’ आणि ‘व्हार्फेज’ समजावून सांगावं लागत नाही. दोन्ही रेल्वेचे आकार: वॅगन मोफत मुदतीनंतरही अडवली तर पहिलं, उतरवलेला माल धक्क्यावर पडून राहिला तर दुसरं. दोन्ही शब्द मूळचे बंदरावरचे, रेल्वेने ते तिथून उचलले. ‘डेमरेज’च्या मुळाशी ‘थांबणे, रेंगाळणे’ अशा अर्थाचं जुनं फ्रेंच क्रियापद आहे. ‘व्हार्फ’ म्हणजे जहाजाचा धक्का. खान्देशाला समुद्र नाही, पण मालधक्का आहेच की!

या शब्दांच्या शेपटीचा ‘एज’ हा प्रत्यय लॅटिन ‘आटिकुम’ फ्रेंचांच्या तोंडी झिजून झालेला. १०६६ नंतर नॉर्मन राज्यकर्त्यांबरोबर तो इंग्लंडात रुजला. करांच्या नावांना तो लागे: पूल ओलांडण्याचा कर म्हणजे ‘पॉन्टेज’. पुढे तो अस्सल इंग्रजी शब्दांनाही लागू लागला, ‘व्हार्फेज’ त्यातलाच. समूह (लगेज), क्रिया (लीकेज), जागा (ऑर्फनेज), माप (व्होल्टेज) असे त्याचे इतरही अर्थ आहेत. पण आपल्याकडे रुळला तो पैशाचाच: पोस्टेज, ब्रोकरेज. हमाली, तोलाई, दलाली म्हणणाऱ्या बाजारपेठेला त्यात नवं काही वाटलं नसावं. ‘मायलेज’ही आधी मैलामागे मिळणारा प्रवासभत्ताच होता.

गाडीच्या मायलेजला मात्र आपण ‘ॲव्हरेज’ म्हणतो, आणि खरा गुंता इथेच आहे. १५०० च्या सुमारास इंग्रजीत आलेला हा शब्द या कुळातला दिसतो, पण जन्माने नाही. बहुतेक कोशकार त्याचं मूळ अरबी ‘अवार’मध्ये, म्हणजे खराब झालेल्या मालात पाहतात. इटालियन ‘अवारिया’, फ्रेंच ‘अवारी’ असा तो इंग्लंडात पोचला आणि ‘डॅमेज’च्या पंगतीत बसून त्यालाही ‘एज’ चिकटला. काही जुन्या कोशांनी त्याचा संबंध जमीनदाराकडे जनावरांनिशी करायच्या वेठीशी जोडला होता. ते ओढूनताणून वाटतं, कारण शब्दाचा सगळा जुना वावर जहाजावरचा आहे. वादळात जहाज वाचवायला काही माल समुद्रात फेकला, तर तो तोटा जहाजमालक आणि सगळे मालधनी आपापल्या हिश्श्याने वाटून घेत. या वाटणीतूनच अठराव्या शतकात गणितातली ‘सरासरी’ निघाली.

विम्यात जुना अर्थ अजून चालतो. २०२१ मध्ये सुएझ कालव्यात रुतलेल्या ‘एव्हर गिव्हन’ जहाजाच्या मालकांनी ‘जनरल ॲव्हरेज’, म्हणजे तोट्याची तीच हिश्श्याने वाटणी, जाहीर केलं, आणि आपला शाबूत माल सोडवायलाही मालधन्यांना हमी देणं भाग पडलं. जळगावची केळी कंटेनरमधून आखातात धाडणाऱ्यालाही हाच नियम लागू आहे.