गोल्फचा चेंडू निवडताना सुरुवात ग्रीनपासून

दुकानात गोल्फच्या चेंडूंचे खोके ओळीने मांडलेले असतात आणि बहुतेक खोक्यांवर एकच आश्वासन असतं: जास्त अंतर. गिऱ्हाईकही पहिला प्रश्न तोच विचारतं, ‘यातला लांब कुठला जातो?’ माझं स्पष्ट मत आहे की हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा असतो. दोन चेंडूंमधला खरा फरक कळतो तो ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या आसपास, तीस-चाळीस यार्डांच्या छोट्या फटक्यात. असं का होतं ते समजायला चेंडू हवेत काय करतो आणि क्लबच्या (चेंडू मारायच्या काठीच्या) तोंडाशी त्याचं काय होतं, हे दोन्ही पाहावं लागतं.

अंतराच्या बाबतीत कंपन्यांचे हात बरेचसे बांधलेले आहेत. गोल्फचे नियम ठरवणाऱ्या दोन संस्था आहेत, स्कॉटलंडमधली आर अँड ए आणि अमेरिकेतली यूएसजीए. त्यांच्या नियमानुसार चेंडूचं वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी असून चालत नाही. जड आणि लहान चेंडू हवा सहज कापतो, म्हणून ही मर्यादा. ब्रिटनमध्ये १९९०पर्यंत ४१.१५ मिलिमीटरचा चेंडूही चालायचा, आणि समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यात तो खेळाडूंना फार प्रिय होता. चाचणीत चेंडूचा सुरुवातीचा वेग किती असावा यालाही मर्यादा आहे. शिवाय यंत्राने ताशी १२० मैल वेगाचा फटका मारला तर चेंडू ३१७ यार्डांपलीकडे जाता कामा नये, त्यावर सूट फक्त ३ यार्डांची. चांगल्या कंपन्यांचे चेंडू या भिंतीला कधीचे टेकले आहेत. जोराच्या फटक्यात त्यांच्यात फरक उरतो तो थोड्या यार्डांचा.

आता हवेकडे वळू. अमेरिकेच्या पीजीए टूर या व्यावसायिक स्पर्धामालिकेतल्या खेळाडूचा साधारण ड्राइव्ह, म्हणजे होलच्या सुरुवातीचा लांब फटका घ्या. चेंडू सेकंदाला सुमारे ७५ मीटर वेगाने, जमिनीशी जेमतेम ११ अंशांचा कोन करून सुटतो. शाळेत शिकलेलं प्रक्षेप्य गतीचं सूत्र लावलं आणि हवा नाहीच असं धरलं, तर उत्तर येतं सुमारे २१५ मीटर. प्रत्यक्षात तो चेंडू २५० मीटरच्या आसपास हवेतून जातो. हवेचा विरोध असताना तो निर्वातापेक्षा लांब जातो! मला या खेळातलं सगळ्यात सुंदर गणित हेच वाटतं.

हे कोडं एडिंबरा विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ पीटर गथ्री टेट यांनी १८९०च्या दशकात सोडवलं. त्यांचा मुलगा फ्रेडी हा त्या काळचा नामवंत खेळाडू. १८९६ आणि १८९८ साली त्याने ब्रिटिश अमॅच्युअर स्पर्धा जिंकली होती. टेट यांनी दाखवून दिलं की चेंडू टिकून राहतो तो उलट्या फिरकीमुळे. क्लबचं तोंड तिरकं असल्याने चेंडू पुढे जाताना मागच्या बाजूला फिरत असतो. फिरणारा चेंडू आपल्यामागे हवा खाली ढकलतो आणि त्या बदल्यात हवा त्याला वर उचलते. टूरवरच्या ड्राइव्हमध्ये ही फिरकी मिनिटाला साधारण २,२०० ते ३,००० फेऱ्यांची असते. ती फार कमी झाली तर चेंडू लवकर कोसळतो, फार वाढली तर फुग्यासारखा वर चढतो आणि पुढे जायचं विसरतो.

चेंडूवरचे खळगे म्हणजे या गोष्टीचा दुसरा भाग. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चेंडू चामड्याचा असे, आत उकडलेली पिसं ठासून भरलेली. १८४८च्या सुमारास मलायातल्या झाडांच्या चिकापासून बनणारा गट्टा-पर्चाचा चेंडू आला. तो स्वस्त होता, गुळगुळीत होता आणि हवेत भलताच लवकर खाली यायचा. खेळणाऱ्यांच्या लक्षात आलं की फटके खाऊन ओरखडे उठलेला जुना चेंडू नव्यापेक्षा चांगला उडतो. मग नव्या चेंडूंवर मुद्दाम हातोडीने खुणा करू लागले, आणि १९०५मध्ये इंग्लंडच्या विल्यम टेलर यांनी गोल खळग्यांच्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. कारण पुढे वायुगतिकीने स्पष्ट केलं. गुळगुळीत चेंडूला लगटून वाहणारा हवेचा पातळ थर चेंडूच्या मध्याजवळच सुटतो आणि मागे कमी दाबाचा रुंद पट्टा तयार होतो. तो चेंडूला मागे खेचतो. खळगे या थरात खळबळ माजवतात. खवळलेला थर चेंडूला जास्त वेळ चिकटून राहतो, मागचा पट्टा अरुंद होतो आणि विरोध जवळपास निम्म्यावर येतो. खळगे नसलेला चेंडू साधारण निम्मंच अंतर जातो. या खळग्यांची खोली असते मिलिमीटरच्या पाव भागाच्या आसपास.

चंद्रावर यातलं काहीच उपयोगाचं नाही. फेब्रुवारी १९७१मध्ये अपोलो १४च्या ॲलन शेपर्ड यांनी तिथे दोन चेंडू मारले तेव्हा ना खळग्यांनी मदत केली ना फिरकीने.

खोक्यावर ‘३२२ खळगे’ किंवा ‘षट्कोनी खळगे’ असं लिहिलेलं असलं तरी त्यावरून आपण काही ठरवू नये. तीनशे ते चारशेच्या दरम्यान कितीही खळगे असोत, मान्यताप्राप्त चेंडूत त्यांची रचना विचारपूर्वकच केलेली असते. तसाच चेंडूवरचा १, २, ३, ४ हा आकडा. काही जण त्याला कडकपणाचा आकडा समजतात. तो फक्त आपला चेंडू ओळखण्यासाठी असतो.

हवेचा प्रभाव केवढा ते पाहायचं तर मुंबई-पुण्याचं उदाहरण घ्या. पुण्याची उंची सुमारे ५६० मीटर, त्यामुळे तिथली हवा मुंबईपेक्षा साधारण पाच टक्क्यांनी विरळ. चेंबूरला जो फटका दोनशे यार्ड जातो तोच येरवड्याला, बाकी सगळं सारखं असेल तर, चारेक यार्ड पुढे पडेल. डिसेंबरच्या गार सकाळपेक्षा एप्रिलच्या दुपारी आणखी थोडा पुढे, कारण गरम हवा विरळ असते आणि गार झालेलं रबर मंदावतं. महागडा चेंडू घेऊन जे यार्ड मिळवायची आपली धडपड असते, तेवढे तर नुसत्या हवामानाने येतात आणि जातात.

आता क्लबच्या तोंडाशी या. ड्रायव्हर (लांब फटक्याचा क्लब) आणि चेंडू यांची गाठ पडते ती सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापुरती. तेवढ्यात ४६ ग्रॅमचा चेंडू शून्यापासून सेकंदाला ७० मीटर वेग घेतो. म्हणजे त्या क्षणी त्याच्यावर सरासरी साडेसहाशे-सातशे किलो वजनाइतका दाब असतो. चेंडू चपटा होतो आणि पुन्हा फुलून सुटतो. या फटक्यात काम करतो तो आतला गाभा. तो पॉलिब्युटाडाइन नावाच्या रबराचा असतो, आणि दबून किती ऊर्जा परत देतो त्यावर वेग ठरतो.

वेज या जास्त तिरक्या तोंडाच्या क्लबने ग्रीनजवळून अलगद मारलेल्या फटक्यात गाभ्याला जवळजवळ जागच येत नाही. तिथे सगळा कारभार बाहेरच्या कवचाकडे. स्वस्त चेंडूंचं कवच आयोनोमर नावाच्या प्लास्टिकचं असतं. सर्लिन या नावाने अनेकांना ते माहीत आहे. ते चिवट असतं, सहसा कापलं जात नाही, पण वेजच्या तोंडावर ते सटकतं. महाग चेंडूंचं कवच युरेथेनचं, पातळ आणि मऊ, आणि त्याच्याखाली एक कडक थर. क्लबचं पोलादी तोंड आणि खालचा कडक थर यांच्यामध्ये हे मऊ कवच चिमटीत सापडतं, तोंडाला घट्ट धरतं आणि चेंडू जोरात फिरू लागतो. चार-पाच फटके मारून वेज उलटी करून बघा, खाचांच्या कडांना कवचाचा पांढरा भुगा लागलेला दिसेल. त्या धरण्याची ती खूण.

आकड्यांत बोलायचं तर चाळीस यार्डांच्या फटक्यात या दोन प्रकारांच्या फिरकीत मिनिटाला काही हजार फेऱ्यांचा फरक पडू शकतो. दिसायला काय दिसतं? आयोनोमरचा चेंडू थोडा उंच निघतो, कारण तो तोंडावरून वर सरकतो. डोळ्यांना तो छान वाटतो, पण ग्रीनवर पडला की पळत सुटतो. युरेथेनचा चेंडू खालून जातो, पहिला टप्पा घेतो, दुसऱ्या टप्प्यावर जणू लगाम खेचल्यासारखा आखडतो आणि थांबतो. हे एकदा शेजारी शेजारी उभं राहून पाहिलं की दुकानातला पहिला प्रश्न आपोआप बदलतो.

पूर्वी खेळाडूला लांब अंतर आणि ग्रीनवरचा ताबा यांपैकी एक निवडावं लागे. रबराचे दोरे गुंडाळून वर बालाटा नावाच्या रबरासारख्या पदार्थाचं मऊ कवच चढवलेला चेंडू व्यावसायिकांचा. तो ग्रीनवर आज्ञेत राहायचा, पण चुकीच्या फटक्याने चिरायचा. दोन भागांचा सर्लिनचा चेंडू हौशी मंडळींचा. टिकाऊ आणि लांब जाणारा, पण ग्रीनवर दगडासारखा. भरीव गाभा, मधले थर आणि वर युरेथेन अशा रचनेने हा पेच सोडवला. २०००च्या यूएस ओपनमध्ये पेबल बीचला टायगर वुड्स १५ फटक्यांच्या फरकाने जिंकले ते अशाच भरीव चेंडूने. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये टायटलिस्ट कंपनीचा प्रो व्ही वन हा चेंडू टूरवर उतरला आणि पाहता पाहता गुंडाळलेले चेंडू इतिहासजमा झाले.

राहिला कॉम्प्रेशनचा, म्हणजे चेंडू किती दबतो याचा आकडा. ‘तुमचा स्विंग हळू आहे, मऊ चेंडू घ्या, तुम्हाला तो दाबता येईल आणि लांब जाईल’ हा सल्ला मैदानावर सर्रास मिळतो. हा सल्ला मला पटत नाही. हळू स्विंगनेही चेंडू दबतोच, आणि मऊ गाभा सर्वसाधारणपणे थोडा कमी वेग देतो. ज्यांच्या ड्राइव्हला फिरकी जास्त मिळते त्यांना मऊ चेंडूचा फायदा होऊ शकतो, कारण त्याने फिरकी कमी होते. पण ते प्रत्येकाला लागू नाही. मऊ चेंडू हाताला बरा वाटत असेल तर जरूर घ्यावा. पट करताना, म्हणजे ग्रीनवर चेंडू होलकडे घरंगळवताना, येणारा आवाज आणि हाताला होणारा स्पर्श यांवर आपला विश्वास बसणं ही क्षुल्लक गोष्ट नाही. फक्त तो अंतरासाठी घेतोय असं समजू नये.

हवेत बाजूला वळत जाणाऱ्या फटक्यावर, म्हणजे स्लाइसवर, औषध म्हणूनही चेंडू विकले जातात. १९७०च्या दशकात पोलारा नावाचा चेंडू निघाला होता. त्याच्या ध्रुवांजवळचे आणि मधल्या पट्ट्यातले खळगे वेगवेगळ्या खोलीचे होते, आणि ठरावीक दिशेने ठेवून मारला की तो हवेत स्वतःहून सरळ होत असे. यूएसजीएने मग नियमच केला की चेंडू कसाही ठेवला तरी त्याचं उड्डाण सारखंच हवं. नियमात बसणारा चेंडू फार तर फिरकी कमी करून स्लाइस थोडा आटोक्यात ठेवील. तिरकं तोंड आणि स्विंगचा मार्ग आपल्यालाच दुरुस्त करावा लागतो.

मग निवडायचं कसं? अठरा होलांच्या नेहमीच्या मैदानावर चार होल तीन फटक्यांचे, छोटे असतात आणि तिथे ड्रायव्हर लागत नाही, म्हणजे तो जास्तीत जास्त चौदा वेळा हातात येतो. नव्वद-पंच्याण्णव फटक्यांत फेरी संपवणाऱ्याचे निम्म्याहून अधिक फटके शंभर यार्डांच्या आतले असतात, पट धरून. म्हणून दोन-तीन प्रकारचे प्रत्येकी तीन चेंडू घ्या आणि सरावाच्या ग्रीनवर जा. आधी पट करून पाहा, आवाज आणि वेग पटतो का. मग वीस पावलांवरून चिप (बुटका, घरंगळत जाणारा फटका) मारा, मग चाळीस यार्डांवरून पिच (उंच उडणारा फटका). चेंडू कुठे पडतो यापेक्षा पडल्यावर किती पळतो ते मोजा. मग सात नंबरच्या आयर्नने (मधल्या अंतराच्या क्लबने) पूर्ण फटका मारून ग्रीनवर धरतो का ते पाहा. एवढं झाल्यावर ड्रायव्हर काढा, आणि तिथे फार वेळ घालवू नका.

पावसाळ्यात ही चाचणी करून निष्कर्ष काढू नये. चेंडू आणि वेजमध्ये ओलं गवत आलं की दोन्ही प्रकारांची फिरकी घसरते आणि फरक झाकला जातो. तोंड पुसून, कोरड्या गवतावर करा.

नुकतंच शिकू लागलेल्याची गोष्ट वेगळी. फेरीत पाच-सहा चेंडू झाडीत आणि पाण्यात जात असतील तर दोन-तीनपट दराचा युरेथेनचा चेंडू घेऊन मन कोतं होतं. पाणी दिसलं की हात आखडतो, आणि तो आखडलेला हात कुठलाच चेंडू सुधारू शकत नाही. त्यांनी दोन भागांचा आयोनोमरचा साधा चेंडू घ्यावा, पण सतत एकाच नमुन्याचा. आज हा, उद्या झुडपात सापडलेला तो, असं केलं तर चिप किती पळते याचा अंदाज हाताला कधीच बसत नाही. तळ्यातून काढून विकले जाणारे चेंडू सरावाला ठीक. किती दिवस पाण्यात होते ते मात्र वरून कळत नाही, आणि आत हळूहळू शिरलेला ओलावा गाभ्याची उसळी कमी करतो.

आणि चेंडू वापरात असताना त्याच्याकडे बघत जा. डाग, चिखल पुसून जातो. पण सिमेंटच्या वाटेवर आपटून कवच खरवडलं गेलं असेल, बोट फिरवल्यावर खळग्यांच्या कडा खरखरीत लागत असतील, तर त्या बाजूने हवा आता वेगळी वाहणार. असा चेंडू होल संपला की सरावाच्या पिशवीत टाकावा.