सगळे मिळून ब्रेनस्टॉर्मिंग केलं की आयडिया कमी का निघतात?

"चला, सगळे मिळून ब्रेनस्टॉर्म करूया" म्हटलं की कॉन्फरन्स रूममध्ये रंगीत चिठ्ठ्या येतात, समोसे येतात, आणि चार डोकी एकत्र आली म्हणजे आयडिया जास्त निघणार हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं असतं. ही पद्धत काढली अ‍ॅलेक्स ऑसबर्न या अमेरिकन जाहिरातवाल्याने. सुचेल ते बोला, कोणाला नावं ठेवू नका, बस्स.

१९५८ मध्ये येल विद्यापीठात हे तपासलं गेलं. एकीकडे चौघांचा गट, दुसरीकडे एकेकटे बसवलेले चौघे, त्यांच्या आयडिया नंतर एकत्र केल्या आणि रिपीट झालेली एकदाच मोजली. एकेकटे बसलेल्यांच्या आयडिया जवळपास दुप्पट!

का? लोक लाजतात, बॉसला घाबरतात, दुसरा करेल म्हणून अंग चोरतात, हे सगळं थोडंफार असतंच. पण मला सगळ्यात भारी वाटतो तो १९८७ चा डील आणि श्ट्रोबे या दोन मानसशास्त्रज्ञांचा जर्मनीतला प्रयोग. चौघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं, प्रत्येकासमोर माइक आणि दिवे, आणि कुणी एक बोलत असेल तोवर बाकीच्यांनी दिवा बघून गप्प बसायचं. काहींना तर दुसऱ्याचा आवाजही ऐकू येत नव्हता, म्हणजे लाज नाही, बॉस नाही, डिस्टर्बन्स नाही, तरीही न थांबता बोलणाऱ्यांच्या मानाने आयडिया साधारण निम्म्यावर आल्या. नुसतं थांबावं लागलं म्हणून! आपली वर्किंग मेमरी, म्हणजे एका वेळी डोक्यात धरून ठेवायची जागा, एवढीशी, त्यात सुचलेलं धरून ठेवत बसलो की नवीन शोधायला जागा उरत नाही, आणि नवीन शोधायला गेलो की आधीचं निसटतं, आणि आपला नंबर येईपर्यंत "जाऊ दे, काय विशेष नव्हतं" असं होतं. यालाच प्रॉडक्शन ब्लॉकिंग म्हणतात. गट मोठा, तेवढी वाट जास्त.

ट्रेनिंगवाले यावर उपाय म्हणून "उजवा मेंदू जागा करा" विकतात. क्रिएटिव्ह माणूस उजव्या मेंदूचा वगैरे काही नसतं हो, दोन्ही बाजू सतत एकमेकांशी बोलत असतात. डोळ्यांवर पट्टी बांधून मुलं वाचतील असं सांगणाऱ्या मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशनच्या क्लासचाच हा इस्त्री केलेला शर्ट घातलेला भाऊ. नऊ ठिपक्यांचं कोडं (पेन न उचलता चार सरळ रेघांत नऊही ठिपके जोडायचे) दाखवून "चौकटीबाहेर विचार करा" सांगतात ना, तिथे रेघ चौकटीबाहेर न्या असं स्पष्ट सांगूनही बहुतेकांना ते सुटलं नाही, हेही १९८१ च्या प्रयोगात दिसलंय.

मग मीटिंगच बंद करायची का? नाही, पहिली दहा मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून लिहायचं, मग कागद फिरवायचे. किंवा सगळ्यांनी एकाच वेळी टाइप करायचं, कारण कीबोर्डवर कुणाला कुणासाठी थांबावं लागत नाही.