नदी-खाडीतल्या बोटीची नोंदणी: कोणी करायची, कागदपत्रं कोणती आणि बोट पळवली गेली तर काय करायचं

नदी, खाडी किंवा धरणाच्या पाण्यात इंजिनाची बोट चालवायची असेल तर तिचा सर्व्हे आणि नोंदणी दोन्ही लागतात. हे 'अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१' या कायद्याखाली होतं. जेटीवर सगळे याला 'इनलँड व्हेसल्स अ‍ॅक्ट' म्हणतात. नोंदणीकडे बहुतेक मालक दंड टाळण्यापुरतंच बघतात. माझं मत वेगळं आहे. रस्त्यावरून गाडी गेली तर टोलनाका असतो, कॅमेरा असतो, पाहणारी माणसं असतात. रात्री खाडीतून बोट नेली तर मागे काहीच उरत नाही. ती बोट आपली आहे हे सिद्ध करायला कागदाशिवाय दुसरं काही नसतं.

हे शहाणपण जुनं आहे. हाँगकाँगच्या आसपास चाचेगिरीनं कहर केला तेव्हा गव्हर्नर रिचर्ड मॅकडॉनेल यांनी १८६६ साली चिनी जंक नौकांची (शिडाच्या लाकडी गलबतांची) नोंदणी आणि परवाने सक्तीचे केले. कोणती नौका कोणाची हेच माहीत नसेल तर लुटारू आणि व्यापारी वेगळे कसे ओळखणार, असा तो सरळ हिशोब होता. पुढे वाफेच्या बोटी आल्या आणि चाच्यांनी पद्धत बदलली. पाठलाग करून स्टीमर गाठता येत नाही, म्हणून ते तिकीट काढून प्रवासी म्हणूनच चढू लागले. १९०६ साली दक्षिण चीनमधल्या वेस्ट रिव्हर या नदीवर 'सायनाम' ही स्टीमर अशीच लुटली गेली आणि तीत एक मिशनरी डॉक्टर मारले गेले. १९१४ साली 'ताई ऑन' या स्टीमरवर चाच्यांनी आग लावली आणि शेकडो प्रवासी दगावले. त्यानंतर प्रवाशांची झडती, सशस्त्र पहारेकरी आणि सुकाणूघर व इंजिनघर प्रवाशांपासून तोडणारे लोखंडी गज या गोष्टींवर भर आला. बोट कोणाची आणि बोटीवर कोण, हे दोन प्रश्न तेव्हापासून सुटलेले नाहीत.

आपल्याकडे वाफेच्या बोटींसाठी १८८४ साली कायदा झाला आणि त्याच्या जागी १९१७ चा आला. त्यांचा रोख मुख्यतः बोटीची तपासणी आणि मास्टर, सारंग, इंजिनिअर, इंजिन ड्रायव्हर यांचे दाखले यांवर होता. बोटींच्या नोंदणीचं स्वतंत्र प्रकरण १९५१ च्या दुरुस्तीनं घातलं गेलं. वाफ गेली, डिझेल आलं, तरी १९१७ चाच कायदा दुरुस्त्या करत वापरात राहिला, तो २०२१ पर्यंत.

अर्ज कोणी करायचा

बोट पूर्णपणे भारतीय नागरिकाच्या, किंवा भारतात नोंदलेल्या सहकारी संस्थेच्या, भागीदारीच्या, ट्रस्टच्या वा कंपनीच्या मालकीची हवी. मालक जिथे राहतो किंवा जिथे त्याचा मुख्य धंदा आहे, त्या राज्यात अर्ज करायचा. एकदा झालेली नोंदणी देशभर चालते, त्यामुळे सिंधुदुर्गातली बोट गोव्याच्या मांडवीत नेली म्हणून नव्यानं नोंदणी लागत नाही. कोकणातल्या खाड्यांसाठी चौकशी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या प्रादेशिक बंदर कार्यालयात करायची. वांद्रे, मोरा, राजपुरी, रत्नागिरी आणि वेंगुर्ला हे त्यांचे बंदर समूह. गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्सचं खातं आहे. धरणाच्या पाण्यात बोट चालवायची असेल तर जलसंपदा विभागाची परवानगी हा वेगळा विषय आहे. ती मिळाली म्हणजे नोंदणी झाली असं समजू नका.

मासेमारीची नौका या रांगेत येत नाही. तिची नोंदणी आणि परवाना मत्स्यव्यवसाय विभागाकडे, रिअलक्राफ्ट या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर. वल्ह्याच्या किंवा शिडाच्या होडीसाठी राज्य शासन ज्या स्थानिक स्वराज्य संस्थेला अधिकार देईल तिच्याकडे नाव दाखल करायचं, अशी तरतूद कायद्यात आहे.

आधी सर्व्हे, मग नोंदणी

हा क्रम उलटा करता येत नाही. सर्व्हेयर बोट पाहतो, हल (म्हणजे बोटीचं मूळ कवच), इंजिन, जीवरक्षक साधनं आणि आग विझवण्याची साधनं तपासतो, मगच सर्व्हे प्रमाणपत्र मिळतं. नवी बोट बांधत असाल किंवा जुनीत मोठा फेरबदल करत असाल तर आराखड्याची मंजुरी काम सुरू होण्यापूर्वी घ्या. बोट तयार झाल्यावर आराखडा दाखवायला गेलेल्यांचे हाल होतात.

नोंदणीच्या अर्जासोबत मालकाची ओळख आणि पत्त्याचा पुरावा, बांधणाऱ्याचा दाखला किंवा खरेदीचं बिल, इंजिनाचं बिल, बोटीचे आराखडे, चालू सर्व्हे प्रमाणपत्र, विमा आणि बोटीचे फोटो तयार ठेवा. संस्था किंवा कंपनी असेल तर तिचं नोंदणी प्रमाणपत्र आणि सही करणाऱ्याला अधिकार देणारा ठराव जोडा. बोट जुनी घेतली असेल तर आधीच्या मालकाची नोंदणी आणि विक्रीचा कागद दोन्ही हवेत. नुसत्या साध्या कागदावरच्या 'बोट दिली, पैसे मिळाले' यावर विसंबू नका. विमा हा ऐच्छिक नाही, कायद्यानंच बंधनकारक आहे. फीचा तक्ता आणि फॉर्मचा नमुना कार्यालयातूनच घ्या, एजंटकडून नको.

आता इंजिन नंबर. इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात. आऊटबोर्ड इंजिन बोटीच्या मागच्या फळीला ज्या ब्रॅकेटनं आवळलेलं असतं, त्या ब्रॅकेटवर एक लहानशी पट्टी असते. मॉडेल आणि सीरियल नंबर तिच्यावर असतो. खारं पाणी आणि दरवर्षीचा रंग यांत ती पट्टी बुजून जाते, आणि चोरटे पहिल्यांदा तीच उचकटतात. बऱ्याच इंजिनांवर तोच नंबर इंजिनाच्या ब्लॉकवरही एका छोट्या गोल चकतीवर असतो, तो शोधून ठेवा. आरटीओत चासी नंबरचा पेन्सिलनं ट्रेस घेतात, तसा दोन्ही ठिकाणचा ट्रेस घ्या, फोटो काढा आणि बिलासोबत घरी ठेवा, बोटीत नको. कंपनीच्या फायबर बोटीला हल नंबर असतो, तो मागच्या फळीवर उजव्या हाताला वरच्या कडेला पाहा.

नोंदणी झाली की मिळालेला क्रमांक बोटीवर सहज दिसेल अशा जागी रंगवावा लागतो. ताडपत्रीखाली किंवा टायरांच्या मागे झाकला जाणारा क्रमांक असून नसल्यासारखा. पत्ता बदलला, बोट विकली, इंजिन बदललं, बोट भंगारात काढली, तर प्रत्येक वेळी कळवायचं. विक्रीनंतर नाव बदललं नाही तर पुढे त्या बोटीनं कोणी रात्री वाळू उपसली तरी पहिली विचारणा तुमच्याकडे होते.

तांडेल (बोट हाकणारा प्रमुख) आणि इंजिन चालवणारा यांचे सक्षमतेचे दाखले बोटीवर ठेवा. प्रवासी नेत असाल तर माणसं मोजून, नावं लिहूनच बोट सोडा. बोटीवर कोण आहे, या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या वहीतच असतं.

बोट पळवली तर

पहिला तास महत्त्वाचा. ११२ वर फोन करा. खाडीच्या किंवा किनाऱ्याच्या भागात असाल तर सागरी पोलिसांची हेल्पलाइन १०९३ आहे. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईवर हल्ला करणाऱ्यांनी पोरबंदरची 'कुबेर' ही मच्छीमार नौका समुद्रात बळकावली होती आणि तिच्यातूनच ते मुंबईच्या जवळ आले. पळवलेली बोट कशासाठी वापरली जाईल हे आपल्याला कळत नसतं, म्हणून 'उद्या सकाळी बघू' म्हणू नका.

नदीच्या मधोमध दोन तालुक्यांची, कधी दोन जिल्ह्यांची हद्द असते आणि 'पलीकडच्या ठाण्यात जा' हे उत्तर ऐकायला मिळतं. ते ऐकून परत फिरू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) खबर कुठल्याही ठाण्यात देता येते, गुन्हा कुठेही घडलेला असो. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. ऑनलाइन खबर दिली तर तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या. ठाणे अंमलदारानं नकार दिला तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवा आणि तरीही दाद मिळाली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा.

कलमं कोणती लागतात तेही माहीत असू द्या. साध्या चोरीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३ आहे. प्रवासी किंवा माल नेणारं वाहतुकीचं साधन, किंवा त्यातला माल चोरला तर कलम ३०५, शिक्षा सात वर्षांपर्यंत. पाच किंवा जास्त जणांनी मिळून लुटलं तर कलम ३१०, म्हणजे दरोडा. जबाब देताना किती जण होते आणि त्यांची बोट कशी होती हे नीट सांगा, कारण कलम त्यावर ठरतं. पोलिसांबरोबरच नोंदणी कार्यालयाला आणि विमा कंपनीलाही त्याच दिवशी लेखी कळवा.

बोट सापडली तरी ती लगेच हातात मिळत नाही. ती मुद्देमाल ठरते आणि न्यायालयात अर्ज करून सुपुर्दनाम्यावर, म्हणजे न्यायालय मागेल तेव्हा हजर करू असं लिहून देऊन, सोडवून घ्यावी लागते. मालकीचा पुरावा तिथे मागतात. नोंदणी प्रमाणपत्र, एफआयआरची प्रत, विम्याचा कागद आणि इंजिन नंबरचा तो पेन्सिल ट्रेस बरोबर न्या. नंबर घासून काढलेला असेल तर ब्लॉकवरच्या चकतीचा फोटो आधी पुढे करा.